पॅचची तारीख आधी बघा, मग 'अपडेट मारू का?' विचारा

"अपडेट मारू का नको?" कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या कुठल्याही मोबाईल दुकानात थोडा वेळ उभं राहिलं की हा प्रश्न कानावर येतोच. उत्तरंही ठरलेली असतात. एक जण सांगतो, "नका मारू काका, फोन हँग होतोय." शेजारचा म्हणतो, "मारा की, फुकटच हाय." दोघांचंही थोडंथोडं बरोबर आहे, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात.

पडद्यावर 'सिस्टिम अपडेट उपलब्ध' एवढी एकच ओळ येते आणि घोळ तिथंच सुरू होतो. त्या ओळीमागे दोन निराळ्या वस्तू असू शकतात. पहिली म्हणजे नवी आवृत्ती: अँड्रॉइड १३ होतं, ते १४ होणार. चिन्हं बदलतील, सेटिंग्जच्या जागा हलतील, नव्या सोयी येतील, जुन्या जातील. दुसरी म्हणजे सुरक्षा दुरुस्ती, जिला सगळे सिक्युरिटी पॅच म्हणतात. त्यात दिसायला काहीच बदलत नाही. सापडलेली भोकं बुजवली जातात, एवढंच. कधी दोन्ही एकत्र येतात, पण बहुतेक महिन्यांत फक्त दुसरी येते आणि आपण पहिलीच्या भीतीनं तिलाही 'नंतर' म्हणून बाजूला सारतो.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. जुन्या आवृत्तीवर राहण्यात गैर काही नाही आणि त्याला पटण्यासारखी कारणं असतात. मात्र जुन्या पॅचवर राहून त्याच फोनवरून बँकेचे व्यवहार करणं, हे मला पटत नाही.

तारीख कुठं दिसते

सेटिंग्जमध्ये, बहुतेक फोनांत सगळ्यात खाली, 'अबाउट फोन' किंवा 'फोनविषयी' असं काहीतरी असतं. त्यात अँड्रॉइड आवृत्तीवर बोट ठेवलं की आतमध्ये आवृत्तीचा आकडा आणि 'अँड्रॉइड सिक्युरिटी अपडेट' अशी एक तारीख दिसते. समजा तिथं १ नोव्हेंबर २०२३ लिहिलंय. याचा अर्थ त्या तारखेपर्यंत जाहीर झालेली भोकं बुजवलेली आहेत आणि त्यानंतर सापडलेली सगळी उघडी आहेत. काही फोनांत महिन्याची १ तारीख असते, काहींत ५. हा फरक उगाच नाही. १ तारखेच्या पॅचमध्ये अँड्रॉइडच्या वरच्या थरातल्या दुरुस्त्या असतात, ५ तारखेच्या पॅचमध्ये त्यांच्यासोबत गाभ्यातल्या आणि चिपच्या दुरुस्त्याही असतात.

त्याच पानावर 'गूगल प्ले सिस्टिम अपडेट' अशी आणखी एक ओळ असते, तिची तारीख वेगळी. ती बऱ्याच जणांनी कधी दाबूनसुद्धा पाहिलेली नसते. दाबा आणि आलेलं अपडेट घ्या. त्याला फोन कंपनीची वाट बघावी लागत नाही.

आयफोनमध्ये अशी तारीख दिसत नाही. तिथं आवृत्तीच्या आकड्यातला टिंबानंतरचा भाग बघायचा. मोठा आकडा बदलला की नवी आवृत्ती, टिंबानंतरचा बदलला की बहुतेक वेळा किरकोळ सोयी आणि सुरक्षा दुरुस्त्या.

न बदललेला फोन धोक्याचा कसा होतो

"पाच वर्षं हाच फोन वापरतोय, काय झालंय का?" हा युक्तिवाद मला फार वेळा ऐकायला मिळतो. त्यात मेख अशी आहे की फोन तोच राहतो, पण त्याच्याबद्दल जगाला असलेली माहिती दर महिन्याला वाढत जाते.

जुलै २०१५ मध्ये 'स्टेजफ्राइट' नावाची त्रुटी जाहीर झाली. अँड्रॉइडमधला व्हिडिओ वाचणारा जो भाग, त्याचं हे नाव. मुद्दाम तयार केलेला एक एमएमएस फोनवर पोचला की काम झालं. काही फोनांत तो उघडायचीसुद्धा गरज नव्हती. सुमारे ९५ कोटी फोनांना त्याचा धोका असल्याचा अंदाज तेव्हा मांडला गेला. त्या धसक्यानंतर, ऑगस्ट २०१५ पासून, गूगलनं अँड्रॉइडचं सुरक्षा पत्रक दर महिन्याला काढायला सुरुवात केली. कुठल्या भागात कुठली त्रुटी होती, ती किती गंभीर, कुठल्या आवृत्त्यांत होती, हे सगळं त्यात क्रमांकासह छापलेलं असतं.

आता हे पत्रक कुणालाही वाचता येतं, म्हणजे चोरालाही येतं. ज्याच्या फोनवर पॅच आला त्याच्यासाठी ती जुनी बातमी. ज्याचा पॅच दोन वर्षांपूर्वी थांबला, त्याच्या घराला कुठली कडी नाही याची यादीच चव्हाट्यावर लागलेली असते. आपल्याकडे सर्ट-इन ही केंद्र सरकारची संस्थाही वेळोवेळी अँड्रॉइडच्या अमुक आवृत्त्यांत गंभीर त्रुटी असल्याच्या सूचना काढते. त्या बातम्या वाचून लोक घाबरतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. खरं तर अशा सूचनेनंतर करायचं काम एकच असतं: वरची तारीख बघायची आणि सूचनेनंतरचा पॅच आलाय का ते तपासायचं.

पॅच उशिरा येतो किंवा येतच नाही, याला कारण त्याची वाटचाल. गूगल दुरुस्ती तयार करतं. क्वालकॉम, मीडियाटेकसारख्या चिप बनवणाऱ्या कंपन्या आपापल्या भागाची दुरुस्ती देतात. मग फोन कंपनी ते सगळं स्वतःच्या रंगरूपात, म्हणजे वनयूआय, हायपरओएस, कलरओएस वगैरेमध्ये बसवते, तपासते आणि एकेका मॉडेलसाठी सोडते. एका कंपनीची बाजारात डझनावारी मॉडेलं. दहा हजारांच्या फोनवर तीन वर्षांनी पुन्हा मेहनत घेण्यात तिला पैसा दिसत नाही, आणि ती थांबते.

ही साखळी तोडायचे दोन प्रयत्न झाले. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ बरोबर गूगलनं चिपशी बोलणारा थर आणि अँड्रॉइडचा वरचा थर वेगळे केले, म्हणजे वरचा बदलताना खालचा उकरायला नको. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० पासून काही महत्त्वाचे तुकडे थेट प्लेमार्फत बदलायची सोय आली, ती मघाची दुसरी ओळ. त्यामुळे अँड्रॉइड १० च्या पुढचा फोन कंपनीनं टाकून दिला तरी तो पुरता उघड्यावर पडत नाही. पण मॉडेम, कॅमेरा, ग्राफिक्स यांच्या खालच्या थरातल्या दुरुस्त्या प्लेमधून येत नाहीत. "माझं प्ले स्टोअर अपडेट होतंय की" हे समाधान म्हणूनच अर्धं.

पण कोल्हापुरात पैसे जातात ते कसे?

इथं मला थोडं उलट बोलायचंय. एमएमएसमधून शिरणारा हल्ला असल्या गोष्टी वाचायला थरारक असतात. अशी महागडी हत्यारं सहसा नेते, पत्रकार, कार्यकर्ते अशा निवडक माणसांवर चालवली जातात. महाद्वार रोडवरच्या दुकानदाराचा किंवा गडहिंग्लजच्या निवृत्त शिक्षकाचा पैसा जातो, तो बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या एपीके फाइलमुळे, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप बसवणाऱ्या फाइलमुळे. लग्नसराईत 'निमंत्रण पत्रिका', एरवी 'वाहन ई-चलन', हप्त्याच्या दिवसांत 'पीएम किसान' अशा नावानं ती येते. ओळखीच्या नंबरवरून येते, कारण त्या ओळखीच्या माणसाचा फोन आधीच गेलेला असतो. भोक वगैरे काही नाही. दार आपणच उघडतो.

मग यात आवृत्तीचा काय संबंध? आहे, आणि माझ्या मते नव्या आवृत्तीच्या बाजूनं सगळ्यात वजनदार मुद्दा हाच आहे.

असलं अ‍ॅप बसलं की ते दोन-तीन परवानग्यांच्या मागे लागतं. एक एसएमएस वाचायची, ओटीपीसाठी. दुसरी नोटिफिकेशन वाचायची. आणि तिसरी अ‍ॅक्सेसिबिलिटीची. ही तिसरी सोय अंध किंवा हात नीट न चालणाऱ्या माणसांसाठी केलेली आहे: अ‍ॅप पडद्यावरचं सगळं वाचू शकतं आणि माणसाच्या वतीनं बटणं दाबू शकतं. चोराला यापेक्षा जास्त काय हवं? अँड्रॉइड १३ पासून, म्हणजे २०२२ पासून, बाहेरून आलेल्या एपीकेमधून बसवलेल्या अ‍ॅपला अ‍ॅक्सेसिबिलिटी आणि नोटिफिकेशनची परवानगी सहजासहजी देता येत नाही. ते बटण करडं पडतं आणि 'ही सेटिंग मर्यादित आहे' असा निरोप येतो. वळसा घालून ते उघडता येतं. फोनवर पलीकडे गोड बोलणारा भामटा असला तर तो वळसा घालायलाही शिकवतो. पण आधीच्या आवृत्त्यांत एवढासुद्धा अडथळा नव्हता, आणि घाईत असलेल्या माणसाला थांबवायला कधीकधी तेवढा पुरतो.

त्याच्या आधीच्या पायऱ्याही बघण्यासारख्या आहेत. अँड्रॉइड ८ च्या आधी 'अनोळखी स्रोत' हे एकच बटण होतं. एकदा चालू केलं की कुणीही काहीही बसवावं. ८ पासून ती परवानगी अ‍ॅपनिहाय झाली, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपमधून आलेली फाइल बसवायची तर व्हॉट्सअ‍ॅपला वेगळी परवानगी द्यावी लागते. (ती दिलेली असेल तर आजच काढा. व्हॉट्सअ‍ॅपमधून अ‍ॅप बसवायचं कुठलंही प्रामाणिक कारण मला सुचत नाही.) ११ पासून कॅमेरा, माइक, लोकेशनची परवानगी 'फक्त या वेळेपुरती' देता येते. १२ पासून कुठलंही अ‍ॅप माइक किंवा कॅमेरा वापरत असलं की वर कोपऱ्यात हिरवी खूण दिसते.

जुन्या फोनवाल्यांनी अगदीच नाउमेद व्हायला नको. प्ले प्रोटेक्ट नावाचा गूगलचा पहारेकरी प्लेमधून येतो, अँड्रॉइडच्या आवृत्तीतून नाही. एसएमएस, नोटिफिकेशन, अ‍ॅक्सेसिबिलिटी अशा नाजूक परवानग्या मागणारी बाहेरची अ‍ॅप बसवतानाच अडवायचा प्रयोग गूगलनं २०२४ मध्ये भारतात सुरू केला. प्ले स्टोअरमध्ये वरच्या आपल्या चित्रावर दाबून प्ले प्रोटेक्ट चालू आहे ना, एवढं बघून घ्या. भामटे हाच पहारेकरी आधी बंद करायला सांगतात.

आणि पोलिसाच्या वेशात व्हिडिओ कॉल करून 'डिजिटल अटक' करणाऱ्यापुढे अँड्रॉइडची कुठलीच आवृत्ती कामाची नाही. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला ताबडतोब फोन करायचा, फोन जुना असो की नवा.

जुन्यावर राहणाऱ्यांचं खरं कुठं आहे

"अपडेट मारला आणि फोन म्हातारा झाला" ही तक्रार खोटी आहे असं म्हणणाऱ्यांनी जरा जुनी पानं चाळावीत. बॅटरी थकलेल्या आयफोनांचा वेग अपडेटमधून कमी केला जातो, फोन अचानक बंद पडू नये म्हणून, हे अ‍ॅपलनं डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं. तोपर्यंत वापरणाऱ्यांना याचा पत्ता नव्हता. बॅटरी बदलली की वेग परत येत होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये इटलीच्या स्पर्धा आयोगानं अ‍ॅपलला १ कोटी युरो आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला. सॅमसंगच्या बाबतीत मुद्दा असा की नोट ४ च्या ग्राहकांना अँड्रॉइड ६ घ्यायला वारंवार सांगितलं गेलं, पण ती आवृत्ती नव्या फोनसाठी बेतलेली होती आणि जुन्याला झेपत नव्हती. म्हणजे आपला दुकानदार काका उगाच काही बोलत नाही.

झेपणं न झेपणं ठरतं ते मुख्यतः रॅम आणि रिकाम्या जागेवर. तीन जीबी रॅम आणि ३२ जीबीचा फोन, त्यात भावकीच्या ग्रुपवरचे व्हिडिओ तुडुंब भरलेले, अशा फोनवर नवी आवृत्ती टाकली की तो रडणारच. पण बऱ्याचदा दोष पूर्ण भरलेल्या जागेचा असतो आणि शिक्षा अपडेटला होते. आधी जागा रिकामी करून बघावी. शिवाय मोठ्या अपडेटनंतर सुरुवातीला फोन तापतो, बॅटरी भराभर उतरते. तेव्हा तो आतल्या आत सगळी अ‍ॅप नव्या आवृत्तीसाठी पुन्हा बांधत असतो. ते काम संपायच्या आत निकाल देऊ नये.

दुसरं कारण उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या कारखान्यांच्या भागातल्या लोकांना लगेच कळेल. मशीनबरोबर, ब्लूटूथ प्रिंटरबरोबर किंवा एखाद्या मोजमापाच्या उपकरणाबरोबर कधीकाळी एक अ‍ॅप आलेलं असतं. ते बनवणारा आता फोन उचलत नाही. अ‍ॅप जुन्या फोनवर झकास चालतं. २०१५ च्या अँड्रॉइड ६ आधीच्या पद्धतीनं बांधलेली अ‍ॅप अँड्रॉइड १४ वर नव्यानं बसवताच येत नाहीत. गूगलनं हे मुद्दाम केलंय, कारण अँड्रॉइड ६ मध्ये एकेक परवानगी विचारायची पद्धत आली आणि ती चुकवायला चोरटी अ‍ॅप स्वतःला जुनी असल्याचं भासवायची. आधीपासून बसलेलं अ‍ॅप आवृत्ती बदलल्यावरही राहतं, पण एकदा काढलं किंवा फोन बदलला की संपलं. असं अ‍ॅप ज्याच्या धंद्याचा आधार आहे, त्यानं तो फोन जुन्याच आवृत्तीवर ठेवावा. फक्त तो त्या मशीनचाच फोन असावा, त्यात सिम नको आणि गूगल पे तर नकोच.

तिसरं कारण म्हणजे परतीची वाट नसणं. नवी आवृत्ती आवडली नाही म्हणून मागे जायचं, असं साध्या माणसाला जमत नाही. आयफोनमध्ये नवी आवृत्ती आल्यावर थोड्याच काळात अ‍ॅपल जुनीवर शिक्कामोर्तब करायचं थांबवतं, मग ती बसतच नाही. अँड्रॉइडमध्ये पूर्ण फोन पुसून खटपट करावी लागते आणि अनेक मॉडेलांत तीही वाट बंद असते. ऑगस्ट २०२२ मध्ये गूगलच्याच पिक्सेल ६ फोनवर अँड्रॉइड १३ टाकणाऱ्यांना पुन्हा १२ वर जाता येणार नाही, असं गूगलनं आधीच सांगितलं होतं; जुन्या आवृत्तीतलं सुरक्षेचं भोक कुणी मुद्दाम परत आणू नये, हा हेतू.

म्हणून नव्या आवृत्तीला घाई नको. आली त्याच दिवशी घेण्याऐवजी काही आठवडे थांबा. तुमच्याच मॉडेलवाल्या लोकांच्या तक्रारी तोवर दिसू लागतात, आणि बहुधा दुरुस्तीचं छोटं अपडेटही येतं. पॅचला मात्र हा नियम लावू नका. दोन्ही एकत्रच येत असतील आणि पॅच हवा तर आवृत्ती घ्यावीच लागेल अशी वेळ आली, तर घ्या.

आपण थांबलो तरी बाकीचे थांबत नाहीत

'जुन्यावर राहायचं' हा निर्णय दर वेळी आपला नसतो. २०२१ मध्ये आयओएस १५ आलं तेव्हा अ‍ॅपलनं १४ वरच राहून सुरक्षा दुरुस्त्या घेत राहायची मुभा दिली. लोक खूश झाले. जानेवारी २०२२ मध्ये ती मुभा गेली. उलट बाजूचंही उदाहरण आहे: २०१३ साली आलेल्या आयफोन ५एसला नवी आवृत्ती कधीच बंद झाली होती, तरी जानेवारी २०२३ मध्ये त्याच्यासाठी आयओएस १२ चा पॅच निघाला. तसंच, सप्टेंबर २०२५ मध्ये आलेलं आयओएस २६ हे आयफोन एक्सआर, एक्सएसवर चालत नाही. पण त्यानंतरही त्यांच्यासाठी आयओएस १८ च्या सुरक्षा दुरुस्त्या निघाल्या. असा फोन हातात असेल तर आवृत्ती जुनी म्हणून घाबरायचं कारण नाही.

अ‍ॅपवाले आपापली उंबरठ्याची उंची वाढवत असतात. व्हॉट्सअ‍ॅपला २०२५ मध्ये अँड्रॉइड ५ किंवा आयओएस १५.१ तरी लागत होतं. क्रोमची १३९ क्रमांकाची आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली, ती अँड्रॉइड १० च्या खाली बसत नाही. अँड्रॉइड ८ आणि ९ वाल्यांचं क्रोम १३८ वर थबकलं. ते उघडतं, बातम्या दिसतात, सगळं ठीक वाटतं. पण ब्राउझर म्हणजे अनोळखी माणसांचा मजकूर रोज घरात घेणारी खिडकी; तिची डागडुजी थांबणं ही फोनच्या पॅचइतकीच गंभीर बाब आहे. बँकांची अ‍ॅपही अशीच एक दिवस 'तुमचं उपकरण चालत नाही' म्हणतात, आणि तो दिवस नेमका कर्जाचा हप्ता भरायचा असतो.

काही गोष्टी तर कुणी न ठरवताही बंद पडतात. समोरची वेबसाइट खरी आहे हे फोन ओळखतो ते त्याच्या पोटातल्या विश्वासू प्रमाणपत्र संस्थांच्या यादीवरून. ती यादी आवृत्तीबरोबर येते आणि तिच्याइतकीच जुनी राहते. 'लेट्स एन्क्रिप्ट' या संस्थेची फुकट प्रमाणपत्रं जगातल्या कोट्यवधी साइट वापरतात, पण अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनांच्या यादीत तिचं स्वतःचं मूळ प्रमाणपत्र नाही. जुन्या फोनांसाठी तिनं दुसऱ्याच्या सहीचा आधार घेऊन काही वर्षं काम भागवलं. ती सोय २०२४ मध्ये संपली. त्यानंतर अशा फोनवर एखादी साधी साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणू लागली तर नेटवर्कला शिव्या घालून उपयोग नाही. (अँड्रॉइड १४ पासून ही यादीसुद्धा प्लेमधून बदलता येते. नव्या आवृत्तीतल्या अशा कंटाळवाण्या सोयी जाहिरातीत कधी येत नाहीत.)

मग ठरवायचं कसं

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी ३९ ला लागलं म्हणून चिखली-आंबेवाडीतलं कुणी घर मोडत नाही. पण जनावरं, धान्य, कागदपत्रं हलवायला लागतात, आणि ४३ ची वाट बघत बसत नाहीत. जुन्या फोनचा हिशेब मी असाच करतो.

पॅच सहा महिन्यांहून जुना झाला की ती इशारा पातळी. (हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, कुठल्या संस्थेचे नव्हेत.) कंपनीच्या साइटवर आपलं मॉडेल अजून यादीत आहे का ते बघा. स्वस्त मॉडेलांना काही कंपन्या महिन्याऐवजी तीन महिन्यांनी पॅच देतात, त्यामुळे थोडा उशीर म्हणजे शेवट असं नाही. यादीतून नाव गेलेलं असेल तर मौल्यवान सामान हलवायला घ्या. वर्षभर पॅच नाही आणि येणारही नाही, ही धोका पातळी. तोवर सामान हललेलं असायला हवं.

सामान म्हणजे काय? सगळ्यात आधी मोठी शिल्लक असलेलं बँक खातं. त्याचं अ‍ॅप आणि यूपीआय या फोनवरून काढा. यूपीआय लागतंच असेल तर दुसरं बचत खातं काढून त्यात आठवड्याच्या भाजी-दुधापुरते पैसे ठेवा आणि फक्त तेच जोडा. लक्ष्मीपुरीतल्या छोट्या व्यापाऱ्याला नुसते पैसे घ्यायचे असतील तर भिंतीवरचा क्यूआर आणि बोलणारा डबा पुरतो, त्यासाठी स्मार्टफोन लागत नाही.

इथं एक गोष्ट हमखास निसटते. अ‍ॅप काढलं, पण बँकेत नोंदवलेल्या नंबरचं सिम त्याच फोनमध्ये राहिलं, तर ओटीपी तिथंच येतात. फोनमध्ये एसएमएस वाचणारं चोरटं अ‍ॅप असेल तर अ‍ॅप काढून काय मिळवलं? ते सिम दुसऱ्या, पॅच येणाऱ्या फोनमध्ये घाला, किंवा सरळ साध्या बटणाच्या फोनमध्ये. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी तर मला हाच मार्ग सगळ्यात पसंत आहे: बँकेचा नंबर बटणाच्या फोनमध्ये, आणि व्हॉट्सअ‍ॅप, भजनं, नातवाचे व्हिडिओ जुन्या स्मार्टफोनवर. पैसे पाठवायची सोयही बटणाच्या फोनवर आहे. रिझर्व्ह बँकेनं मार्च २०२२ मध्ये त्यासाठी यूपीआय १२३पे सुरू केलं.

त्यानंतर मुख्य गूगल खातं. फोटो, संपर्क, बाकी सगळे पासवर्ड त्यात असतात. जुन्या फोनवर निराळं खातं चालवा.

एवढं हलवल्यावर तो फोन कितीही जुन्या आवृत्तीवर राहिला तरी माझी तक्रार नाही. बीएससीच्या मुलाला अभ्यासाचे व्हिडिओ बघायला, दुकानातला सीसीटीव्ही दाखवायला, ट्रॅक्टरवर गाणी लावायला तो अजून बरीच वर्षं चालेल. सगळ्यांनी दर तीन वर्षांनी नवा फोन घ्यावा, हा सल्ला देणाऱ्याला ऊसबिल कधी येतं ते ठाऊक नसतं.

तरुण मंडळी यावर म्हणतील, लिनेजओएस, म्हणजे फोन कंपनीबाहेरच्या हौशी लोकांनी बांधलेलं अँड्रॉइड, टाकू की. टाका, हौस असेल तर; मेलेल्या फोनला नवी आवृत्ती मिळते हे खरंच आहे. पण चिपच्या खालच्या थरातली भोकं तशीच राहतात, कारण त्या दुरुस्त्या मूळ कंपनीकडूनच यायच्या असतात. शिवाय असा फोन बघून अनेक बँकांची अ‍ॅप दार लावून घेतात.

अपडेट घ्यायचं ठरलं तर फार सोपस्कार नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप वेगळा घ्या, बाकीचा गूगलवर. चार्जिंग निम्म्याहून जास्त, वायफाय, काही जीबी रिकामी जागा. परीक्षेच्या किंवा मुहूर्ताच्या आदल्या रात्री नको. 'मध्येच लाइट गेली तर फोन मरेल' ही जुनी भीती बऱ्याच नव्या फोनांत उरलेली नाही. ते नवी आवृत्ती बाजूच्या जागेत लिहितात आणि ती सुरू झाली नाही तर जुन्यावर परततात. आणि अपडेट फक्त सेटिंग्जमधून किंवा प्ले स्टोअरमधून येतं. ब्राउझरमध्ये 'तुमचं क्रोम जुनं झालंय, इथं दाबा' असं उडी मारून आलं, किंवा कुणी लिंक पाठवली, तर तो सापळा.

नवा फोन घेताना किमतीच्या पाटीशेजारी हा प्रश्न विचारा: पॅच कुठल्या सालापर्यंत? २०२३ च्या पिक्सेल ८ ला आणि २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ ला सात वर्षांचं वचन आहे. युरोपात २० जून २०२५ पासून नियमच आहे की मॉडेलची विक्री बंद झाल्यानंतर किमान पाच वर्षं अपडेट द्यायचे. आपल्याकडे मिळणारं वचन बहुतेक मॉडेल बाजारात आल्या दिवसापासून मोजलं जातं, तुम्ही घेतल्या दिवसापासून नाही. दसऱ्याच्या सेलमध्ये तीन वर्षांपूर्वीचं मॉडेल निम्म्या किमतीत मिळतं, तेव्हा उरलेली वर्षं किती ते वजा करून बघा. सेकंडहँड घेताना तर पैसे मोजायच्या आधी दुकानातच पॅचची तारीख उघडून बघायची.

जुना विकणार असाल तर फोन पुसण्याआधी सेटिंग्जमधून आपलं गूगल खातं काढा. तसंच पुसलात तर चोरीपासून बचावासाठी असलेलं कुलूप लागू शकतं, मग फोन घेणाऱ्याला तुमचा पासवर्ड मागतो, आणि तो माणूस दुसऱ्या दिवशी तुमच्या दारात उभा राहतो.